तिसऱ्या हाकेला

...बरं, साडेदहाला हजर राहा म्हणून कागदावर छापतात, आणि साडेदहाला कोर्टात कोण असतं? आम्ही! आम्ही आणि झाडूवाल्या बाई! त्या म्हणाल्या, 'पाय वर घ्या.' घेतले. आमच्या सात पिढ्यांत कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं, मी चढलो, आणि पहिला हुकूम कुणाचा, तर झाडूवाल्या बाईंचा!

आम्ही म्हणजे मी, माझे दाजी आणि माझा भाचा बारक्या. नावाचा बारक्या, उंची सहा फूट, वय सतरा. गुन्हा काय? लाल सिग्नल तोडला. एकदा नाही हो, चार वेळा! तोच सिग्नल, तोच रविवार, तीच सकाळची सातची वेळ. अरे, चोरसुद्धा दरवेळी घर बदलतो की नाही?

आणि गाडी कुणाची? ताईची. माझ्या थोरल्या बहिणीची. ताईला जाऊन दीड वर्ष झालं... असो. तर ती स्कूटर म्हणजे नुसता नखरा! थांबली की बंद पडणार, आणि बंद पडली की अर्धा तास लाथा खाल्ल्याशिवाय चालू होणार नाही. ताईनं त्यावर उपाय काढला होता. सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तर त्या सिग्नलला थांबायचंच नाही, इकडंतिकडं बघायचं आणि हळूच काढायची. बारक्या मागं बसून हेच शिकला. लोकांची पोरं आईकडून चहा करायला शिकतात, हा सिग्नल तोडायला शिकला! आता ताई गेल्यावर गाडी कायमची बसू नये म्हणून हा दर रविवारी तिला एक फेरी मारून आणायचा. लायसन्स नाही, बापाला पत्ता नाही. फरक एवढाच, की ताई होती तेव्हा तिथं कॅमेरा नव्हता. तो ती गेल्यावर बसवला.

तुम्ही म्हणाल, नोटिसा आल्या नाहीत का? आल्या की! चार आल्या, चारही ताईच्या नावावर. आणि आमचे दाजी कामाला कुठं, तर टपाल कचेरीत, पत्रं लावायला. बावीस वर्षं हा माणूस गावभरची पत्रं ज्याच्या त्याच्या घरी धाडतोय, आणि स्वतःच्या घरी ताईच्या नावाचं पाकीट आलं की न फोडता तिच्या कपाटात, तिच्या घडी केलेल्या कपड्यांवर ठेवून देतोय! मी विचारलं, का हो? तर म्हणतात, 'तिचं पत्र आहे. मी कसं फोडू?' घ्या! पाचव्या वेळी पाकीट नाही आलं, हवालदार आला. तो दारातच म्हणाला, 'बाईंना बोलवा.' कुणाला बोलवायचं?

बारक्याला शिक्षेची भीती नव्हती हो. सकाळपासून एकच धोशा. 'मामा, गाडी जप्त करतील का?' नाही रे. 'मामा, जप्त केली तर हेल्मेट तरी परत देतील ना?' त्या हेल्मेटला अजून ताईच्या केसांच्या तेलाचा वास येतो. मला कसं माहीत? बघितलाय मी घेऊन, एकदा, कुणी नसताना. असो.

बाकावर बसलो, तर एक वकील येऊन चिकटला. काळा कोट, कोटाला बटण एक. 'काय केस? सिग्नल? दहा मिनिटांत सोडवतो! तू फक्त म्हणायचं, गाडी चोरीला गेली होती.' बारक्या म्हणतो, 'पण कुणी चोरली?' वकील म्हणतो, 'ते कोर्टानं शोधावं!' बारक्या म्हणतो, 'पण फोटोत मीच आहे.' वकिलानं माझ्याकडं असं बघितलं, की हे पोर वाढवलं कुणी!

आणि तेवढ्यात पुकारा झाला. दारातल्या शिपायानं छाती भरून ताईचं नाव घेतलं. पूर्ण नाव! तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. अहो, तिचं नाव घेत कोण होतं? मी ताई म्हणायचो, पोरगा आई म्हणायचा, दाजी तर जन्मभर 'अगं' वरच! आणि गेल्यापासून घरात तेवढंही नाही. पहिली हाक झाली, आम्ही तिघं बसलेलेच. दुसरी झाली, दाजी भिंतीकडं बघताहेत. तिसरी हाक अशी घुमली, की जिन्यावरची माणसं वळून बघायला लागली... आणि बारक्या उठला, म्हणाला, 'हजर!'

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघितलं. 'हे तुझं नाव?' 'नाही. आईचं.' 'गाडी कोण चालवत होतं?' 'मी.' 'लायसन्स?' 'नाही.' झालं, चार वाक्यांत सगळं कबूल! मागं त्या वकिलानं कपाळावर हात मारल्याचा आवाज मी ऐकला. बाई म्हणाल्या, 'आणि आई का नाही आल्या?'

बारक्यानं वळून बापाकडं बघितलं. मग दाजी पुढं झाले. पिशवीतून ती चार पाकिटं काढली, चारही बंद, आणि टेबलावर एकावर एक नीट लावून ठेवली. सवय! म्हणाले, 'पत्ता बरोबर आहे, बाई. पण घेणारं माणूस हयात नाही.' अहो, कचेरीत असल्या पाकिटांवर हाच शेरा मारून तो माणूस रोज ती परत धाडतो. घरच्या चार पाकिटांवर तेवढं लिहायला त्याचा हात धजला नाही. तिथं, परक्या माणसांपुढं, तो हे पहिल्यांदा बोलला. आणि मी? एरवी माझं तोंड बंद करायला कुलूप लागतं, तिथं मी दाजींची रिकामी पिशवी धरून उभा!

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, 'गाडी जप्त करत नाही. पण घरी कुलपात राहील. हा अठराचा झाल्यावर लायसन्स काढेल, मग हात लावेल. मृत्यूचा दाखला आणा, त्याशिवाय मला हे नाव कमी करता येत नाही. पुढची तारीख.' बारक्या म्हणाला, 'नाव तसंच राहिलं तर नाही चालणार?' बाई म्हणाल्या, 'नाही, बाळ. कायद्यात तशी सोय नाही.'

बाहेर आलो. म्हटलं, सुटलो! गाडी राहिली, हेल्मेट राहिलं, अजून काय पाहिजे? तर हे सहा फुटी ध्यान परत फिरलं, सरळ त्या शिपायापाशी गेलं. 'काका, पुढच्या तारखेला कुणाचं नाव पुकारणार?' शिपाई म्हणाला, 'दाखला आत जाईपर्यंत केस त्यांच्याच नावावर. त्यांचंच पुकारणार.' 'असंच? मोठ्यानं?' 'पुकारा हळू करतात होय रे?'

लोक तारीख पडली म्हणून छाती बडवून घेतात, आणि हे पोर हसत आलं! दीड वर्षात पहिल्यांदा.

आता पुढच्या महिन्यात जायचंय. दाखला दाजींनी काढून आणलाय, पिशवीत घातलाय. आणि बारक्यानं दोघांना बजावून ठेवलंय, पहिल्या हाकेला कुणी उठायचं नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. ओ द्यायची ती तिसऱ्या हाकेला. मी बसून राहणार.