खिडकीतल्या दिव्याचे मार्क

(सांगलीजवळचं गाव, रविवारची दुपार. टीव्हीवरचा पिक्चर नुकताच संपलाय. दर रविवारी पिक्चरला तिघांनी दहापैकी मार्क द्यायचे; ते लिहायला सासरे बाळगोंडा जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, पेन उघडून बसलेत. शेजारी सासू चंदनबाला आणि सून श्रद्धा.)

बाळगोंडा : माझं धा. तुझ्या सासूचं धा. आता तू सांग, श्रद्धा.

श्रद्धा : तीन.

बाळगोंडा : किती?

श्रद्धा : तीन, अण्णा.

बाळगोंडा : अगं, साठ वर्सांमागं परदेशातल्या पंचांनी ह्या पिक्चरचं नाव इनामाच्या यादीत घेतलंतं.

श्रद्धा : इनाम मिळालं नाही ना पण.

बाळगोंडा : यादीत येणं काय कमी हाय व्हय? तालुक्याच्या द्राक्षस्पर्धेत मी दोनदा यादीत आलो.

चंदनबाला : दोनदा पडला.

बाळगोंडा : तू गप. काय वंगाळ हाय गं पिक्चरात? नवरा दर्यावर गेला. बायकू अकरा वर्सं खिडकीत दिवा लावून वाट बघती. माझ्या डोळ्याला पाणी आलं.

श्रद्धा : त्या दिव्याला तेल कुठून आलं, अण्णा?

बाळगोंडा : आँ?

श्रद्धा : अकरा वर्षं ती खिडकी सोडून कुठं गेलेली दाखवलीच नाही. मग तेल कोण आणत होतं? खात काय होती?

बाळगोंडा : आसंल की घरात सासरा.

श्रद्धा : तेच म्हणते मी.

बाळगोंडा : तू पिक्चरवर बोल. त्या नोकरीच्या ऑर्डरीवर नगं.

श्रद्धा : ऑर्डरीवर मी चार दिवस काहीच बोलले नाही. टीव्हीखाली आहे ती. परवा वाईच्या शाळेत हजर व्हायचंय, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावतील.

बाळगोंडा : बघू म्हटलंय न्हवं? भरतेशचं मस्कतचं काम आजून दोन वर्सं हाय. त्यो तिकडं, तू वाईत खोली करून. लोक इचारतील मला.

श्रद्धा : ह्यांनी हो म्हटलंय. फक्त अण्णांचा शब्द घे म्हणाले.

चंदनबाला : माझं धा खोडा.

बाळगोंडा : आता तुला काय झालं?

चंदनबाला : चार घाला.

बाळगोंडा : तुझं कायम माझ्याएवढंच असतंय की.

चंदनबाला : लिवायच्या आदी कवा इचारलं तुमी?

बाळगोंडा : आता... इचारायचं काय त्यात.

चंदनबाला : आवं, तुमी तीन वर्सं कलकत्त्याला द्राक्षाच्या गाळ्यावर हुता. मी काय खिडकीत बसले न्हवते. भरतेशला पाठीला बांधून बागेत डिपिंगला हुबी हुते. येक येक घड औषधात बुडवलाय. ह्या पिक्चरातल्या बाईच्या हाताला डाग तरी दिसला का कुठं?

बाळगोंडा : त्ये खरं हाय, पर...

चंदनबाला : त्याच साली मला बालवाडीत शिकवायचं बोलावणं आलंतं. मामंजी म्हणाले, बघू. मी आजून बघतीय.

श्रद्धा : आई, हे कधी बोलला नाहीत.

चंदनबाला : तसा पिक्चर लागला न्हवता.

बाळगोंडा : ...धा, तीन आन् चार. सतरा. आपल्यात वीसला पास. पडला की गं ह्यो.

श्रद्धा : तुम्ही तुमचे कमी नका करू, अण्णा.

बाळगोंडा : न्हाई करत. दिवा चांगलाच हुता त्यो. ...वाईला थेट एस्टी हाय का?

श्रद्धा : साताऱ्यात बदलायची.

बाळगोंडा : शनवारी शाळा सुटली की निघायचं. रविवारी दोनला पिक्चर लावतो मी. तीन म्हणणारं कोणतरी पायजे घरात.

श्रद्धा : येईन, अण्णा.

चंदनबाला : मी सैपाकाला लागते. दिस बुडायच्या आत जेवायचं हाय. तवर तुमी मागची समदी पानं काढून ठेवा.

बाळगोंडा : ती कशाला?

चंदनबाला : माझं मार्क घालायचं हायेत. पैल्यापासनं.