दुपट्याची माझी बाजू

...आणि वर म्हणतात कशा, "विहीणबाई, तुमचे टाके किती मोकळे मोकळे आहेत हो, बाळाला हवा छान लागेल!" हवा! दुपट्यातून हवा! ऐकलंत? म्हणजे मी दुपटं शिवतेय की खिडकीची जाळी? आणि बोलणं कसं, तर साखरेत घोळून, मान अशी कलती करून, सगळ्या वर्गासमोर... म्हणजे मला धड रागावताही येऊ नये! जळते म्हणून नाही हं सांगत. मला जळायचं काय कारण? पण ऐका तरी.

त्याचं असं झालं, माझ्या लेकीला दिवस गेले. पहिलं नातवंड! मी ठरवूनच टाकलं, बाळ दवाखान्यातून घरी येईल ते आजीच्या हातच्या दुपट्यातच येईल. आजी म्हणजे मी. आता मला शिवणकाम येतं का? नाही येत. आमच्या ह्यांनी लगेच, पेपरातून डोकंही वर न काढता, ऐकवलं, "तू माझ्या शर्टाला बटण लावलंस ना, तेव्हा शर्टाची पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून ठेवली होतीस." झालं! एकदा चुकलं माणूस की जन्मभर तेच! म्हटलं, थांबा, दाखवतेच. आणि घातलं नाव दुपटी-गोधड्यांच्या कार्यशाळेत.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण माझं तोंड! लेकीच्या सासूबाईंना फोनवर सांगून बसले. कशाला? जरा मिरवायला, दुसरं काय! तर पलीकडून, "अय्या! मग मीही येते की! तेवढीच तुम्हाला सोबत!" सोबत? मी मागितली होती सोबत? आणि लेक काय म्हणाली असेल? "जे आधी पूर्ण होईल ते माझ्या दवाखान्याच्या पिशवीत जाईल. आणि दोघी भांडू नका." आम्ही भांडतो? आम्ही तर एकमेकींना 'अहो जाहो' करतो! बरं, ही बया दोघींनाही 'आई'च म्हणते. "आई" अशी हाक आली की दोघी वळतो, आणि मग दोघींपैकी एक आपली उगाचच केस सारखे करते. ती एक बहुतेक मीच असते. जळते म्हणून नाही हं सांगत!

वर्ग मात्र, खोटं कशाला बोलू, फार मजेचा! लाँड्रीच्या वरची खोली, खालून इस्त्रीचा गरम गरम वास येतोय, मधे लांबलचक टेबल, खोकी भरभरून रंगीत तुकडे... असं वाटायचं, त्यातच लोळावं! पुढच्या मशीनवर एक रिटायर झालेले बसड्रायव्हर. ते पायाखालची पट्टी अशी दाबायचे की वळणावर आपण सगळे बाजूला झुकू! शिकवणाऱ्या बाईंचं सगळंच उलटं. तुम्ही छान चौकोन जोडून न्या, फुलं काय, पानं काय... बाई बघायच्याच नाहीत! "उलटी बाजू दाखवा!" म्हणायच्या, "वरून सगळेच छान दिसतात. खरं काम मागून कळतं." मी दाखवायचे. बाई बघायच्या... बघायच्या... आणि म्हणायच्या, "हं. उसवा." आणि शेजारी? शेजारी आमच्या विहीणबाई! जन्मात हातात सुई धरली नव्हती म्हणे! त्यांची उलटी बाजू बघून बाई चक्क हसायच्या! "बघा, बघा सगळ्यांनी, असा टाका पडला पाहिजे!" मग ड्रायव्हर उठून बघून जायचे, चष्मा काढून बघायचे, लावून बघायचे! आणि ह्या काय म्हणाव्यात? "अहो, मला कुठे काय येतं, विहीणबाईंचं बघून बघून शिकते!" माझं बघून! माझं बघून शिकल्या असत्या तर आज उसवत बसल्या असत्या!

आला शेवटचा दिवस. दोघींचीही फक्त कडेची शिवण राहिलेली. लेक येणार होती बघायला, अवघडलेली, जिना चढून! त्या दिवशी माझा डोळा माझ्या सुईवर होता असं वाटतं तुम्हाला? छे! त्यांच्या सुईवर! त्या किती पुढे गेल्या, कोपऱ्याला वळल्या का, दोरा संपला का... एकदा तर मी मनातल्या मनात म्हटलं, तुटू दे दोरा! तुटला नाही. टेबल एकच, दुपटी पसरलेली, आणि मी आपली भराभरा, भराभरा... सुई जरा जड जात होती. मला वाटलं, कापूस दाट भरलाय मी, माया आहे, जड जाणारच! पलीकडून त्याही म्हणाल्या, "आज सुई जड जातेय हो." म्हटलं, जाऊ दे, जाऊ दे, मेली आणखी जड जाऊ दे!

जिन्यात लेकीचा आवाज आला, आणि मी गाठ मारली, दोरा तोडला, "झालं!" म्हणून ओरडले! त्याच क्षणी त्याही, "झालं!" मी माझं दुपटं झेंड्यासारखं उंच केलं... तर त्यांचंही वर आलं! मी ओढलं, त्या खेचल्या गेल्या! त्यांनी ओढलं, मी टेबलावर आडवी! त्यांची कड माझ्या कडेखाली सरकलेली, आणि दोघींनी, अहो दोघींनीही, दोन्ही दुपटी एकमेकांना शिवून टाकलेली! ड्रायव्हर म्हणाले, "धडक झाली!" बाई आल्या. सवयीने उलटी बाजू केली. बघितली. आणि मला म्हणाल्या, "अहो, पहिल्यांदाच सरळ रेघ आलीय तुमची!" म्हणजे बघा! सगळ्या वर्गभर एक टाका धड पडला नाही, आणि पडला तो नेमका तिथे!

"उसवा," मी म्हटलं. "कुणी?" विहीणबाई म्हणाल्या. प्रश्नच होता! मी उसवायला बसले तर मी मागे, त्या बसल्या तर त्या मागे. दोघी आपापली कड घट्ट धरून उभ्या! शेवटी लेकीने आमच्या हातातून ते अख्खं धूड घेतलं, घडी घातली, पिशवीत कोंबलं आणि म्हणाली, "जे आधी होईल ते, असं ठरलं होतं. दोन्ही एकदमच झालीत." आणि हसत हसत रडायला लागली. मग काय, आम्हीही!

आलं हो बाळ त्याच दुपट्यातून घरी. आता लोळायला लागलंय. पिवळी बाजू माझी, निळी त्यांची. मी बाळाला बरोबर पिवळ्यावर ठेवते, आणि हे बेटं लोळत, लोळत, मधली शिवण ओलांडून... निळ्यावर! रोज! जळते म्हणून नाही हं सांगत! पण परत नाव घातलं कार्यशाळेत. म्हटलं, छोटासा लोड शिवू, शिवणीवर आडवा ठेवू, बघू कसं जातंय!

वर्गात शिरते तर... टेबलाशी विहीणबाई! कापूस भरताहेत! विचारलं, "काय चाललंय?" तर मान कलती करून म्हणाल्या, "छोटासा लोड हो. मी बाळाला निळ्यावर ठेवते, आणि ते सारखं लोळत तुमच्या पिवळ्यावर जातं!"

म्हटलं, सरका जरा, आणि दोरा द्या इकडे. बसले शेजारी. फक्त... तुम्हाला म्हणून सांगते, त्यांचा लोड माझ्यापेक्षा गुबगुबीत झालाय. जळते म्हणून नाही हं सांगत!