शनिवारी दोघांनाही हो म्हटलं

आमचे आजोबा भंडाऱ्याकडले, रेल्वेत लागले म्हणून जबलपूरले आले, मग राज्यं वेगळी झाली नि आम्ही इकडंच राहून गेलो, मदन महल ठेसनाच्या मांगं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. भाषा वर्गात बसून शिकाची असते हे मले माहीतच नव्हतं ताई. नर्सिंगचा कोर्स केला, तं भरतीवाली दीदी म्हणली, जपानले म्हाताऱ्या लोकांची देखभाल कराले मुली पाहिजेत, जाशील का? मी म्हटलं हो. आमच्याकडं मोठ्यांच्या तोंडावर नाही म्हणतच नाहीत. जेवाले या म्हटलं का हो येतो म्हणाचं, नाही गेलं तरी चालते, समोरच्यालेही ठाऊक असते, तो काही ताट वाढून बसत नाही.

आता तिथं तीन वर्षं झाली, सुट्टीत घरी आली आहे. लहानसं गाव आहे, म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात काम. काम आवडते मले, खरंच आवडते. पण पाच वर्षांत देखभालीची परीक्षा पास झाली तरच राहू देतात, नाही तं चलो, बांधा सामान. नि परीक्षा सगळी जपानीत.

म्हणून वर्ग पाहाले निघाली. नगरपालिकेच्या इमारतीत एक रिटायर बाई फुकट शिकवतात, सत्तरीच्या असतील, एका बाईसमोर एकच विद्यार्थी. पुस्तक नाही, तिथल्या गावठी बोलीत गप्पा, हातानं लिहिलेले कागद. दुसरा क्लास परीक्षेचा, मोबाइलवर, सर भराभर शिकवतात. दोन्ही शनिवारी दहालेच! बाई म्हणल्या येशील ना, हो म्हटलं. सर म्हणले येशील ना, त्यांनाही हो म्हटलं. अच्छा, एक हप्ता इकडं, एक हप्ता तिकडं, काय बिघडते.

काय सांगू तुम्हाले. पहिल्याच शनिवारी मी खोलीत सरांचा क्लास करून राहिली होती, नि बाई तिकडं माझी खुर्ची मांडून बसल्या होत्या, दीड तास, समोर कोणी नाही. आमच्या कामावरची एकजण तिथंच चित्रकला शिकते, तिनं सांगितलं. बाप्पा! पुढल्या शनिवारी गेली तं बाईंनी त्या दिवशीचा कागद नि आजचा कागद, दोन्ही हातात दिले, बस. रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. तवापासून बाईंचा वर्ग चुकवला नाही, नि सरांचा क्लास बुडत गेला.

सरांनी फोन केला, म्हणले गावठी बोलणं सोड, पेपरात येत नाही, असं चाललं तं पास होत नाहीस. बरोबरच आहे त्यांचं. मग मी पुन्हा सरांकडं वळणारच होती, तं एक दिवस आमच्या तिथले एक आजोबा आंघोळीच्या वेळेले त्यांच्या गावच्या बोलीत काही सांगून राहिले होते, मले समजलं नाही, मी हसून हो हो म्हणत गेली. त्यांच्या छातीत दुखत होतं ताई. दुसरीनं ऐकलं, धावली, म्हणून वाचले. मी मोरीतच रडली. हे बोलणं पेपरात येत नाही, पण माणूस तं हेच बोलते नं? आता सांगा, परीक्षा धरू का बोली धरू? बोली नाही आली तं तिथं राहून काय करू, नि परीक्षा नाही झाली तं राहू कशी? डोकं चालतच नाही. मायले विचारलं तं ती म्हणते, दोन्ही कर.

इकडं येण्याच्या आधीच्या शनिवारी मी बाईंनाच विचारलं, कोणाचं मन न दुखवता नाही कसं म्हणाचं? त्यांनी सगळा तास तेच शिकवलं. आवाज कुठं खाली आणाचा, मान किती झुकवाची, कुठं थांबाचं. दहा वेळा म्हणवून घेतलं माझ्याकडून. आता छान जमलं, म्हणल्या. कोणाले म्हणाचं आहे, ते विचारलं नाही.

परवा निघते. शनिवारी दहाले दोघंही वाट पाहतील. नाही म्हणाचं पाठ आहे मले सगळं, पण बाईंच्या समोर बसलं का तोंड उघडणार नाही. होईल काही तरी. तुम्ही तब्येत सांभाळा ताई.