लेकीच्या भारोभार गूळ

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. वजनं बदलली, म्हणून तोलणाऱ्याचा हात बदलतो का? बोला! मागे पान जुळवत बसलेले काका, तुम्हीसुद्धा! कुणीच नाही? बरं, मग मीच सांगतो.

शेर जाऊन किलो आला, तेव्हाची ही गोष्ट. कासारखेडला रंगनाथशेट नावाचे वाणी होते. कपाळाला गंध, मुखात नाम — आणि हातात तराजू! आता किलो म्हणजे शेरापेक्षा छटाकभर मोठा. गावाला याचा पत्ता नाही, शेटजींना मात्र पहिल्याच दिवशी कळलं! शेतकऱ्याकडून ज्वारी घ्यायची किलोनं, पैसे द्यायचे शेराचे. गिऱ्हाईकाला साखर द्यायची शेरानं, पैसे घ्यायचे किलोचे. कुणी विचारलंच तर हसून सांगायचे, अहो, शेर काय नि किलो काय, नाव तेवढं बदललं. केवढी ही समदृष्टी! आम्ही बुवा जन्मभर साधना करतो, आम्हाला नाही साधली.

शेटजींना एकुलती एक लेक, शेवंता. चार वर्षांची. तिला विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप हटेना. तिच्या आईनं, मथुराबाईनं, ग्रामदेवीपुढे पदर पसरला — माझी लेक उठू दे, तिच्या भारोभार गूळ वाटीन. आणि पोर उठली हो!

नवस बायकोचा, पण गूळ दुकानातला! शेटजींनी आधी हिशेब मांडला. त्यांनी घरीच लेकीला तोललं. जुन्या वजनानं चौदा शेर भरली, नव्यानं तेरा किलो. शेटजींचा चेहरा खुलला. त्यांनी आकडा धरला तेरा — आणि गूळ तोलला शेरानं! आकडा सरकारचा, वजन वाडवडिलांचं. दोघांचाही मान राखला.

देवळात गाव जमलं. शेटजी म्हणाले, तोलूनच आणलाय, नैवेद्य दाखवा. पण त्या देवळाची रीत अशी, की नवस तोलायचा तो देवीसमोर, पोर पारड्यात बसवून. गुरवानं तराजू टांगला. एकीकडे शेवंता, दुसरीकडे गूळ. शेवंताचं पारडं जमिनीला टेकलं, ते काही उठेना!

मथुराबाई पांढरीफटक पडली. नवस अपुरा राहिला तर पोरीचं काय होईल, एवढंच तिला दिसत होतं. शेटजी कुजबुजले, अगं, नवं माप आहे, तुला नाही कळायचं. मंडळी, ती माउली जन्मात कधी नवऱ्यापुढे बोलली नव्हती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "शेर म्हणा नाहीतर किलो म्हणा, माझी लेक तेवढीच आहे. गूळ घाला."

दुकानातून गूळ आला, पारडी बरोबरीत आली. पोर उतरली आणि गूळ खायला बसली. तेवढ्यात मागून सोनाबाई नावाच्या म्हातारीनं शांतपणे विचारलं, "शेटजी, मग आमची साखर?"

शेटजी देवीकडे बघत राहिले. गाव शेटजींकडे बघत राहिलं.

हसलात? हसा! शेटजी काही या मांडवात नाहीत. पण मला सांगा, लेक सासरी दमली तर तिचे शेरभर कष्ट तुम्हाला किलोभर वाटतात ना? आणि घरात सून दमली, तर तिचे कशानं मोजता? ती या घडीला चुलीपुढे उभी आहे. तुम्ही कीर्तन ऐकून दमून येणार, म्हणून! आज घरी गेलात की आधी तिला ताट वाढा. देवाचं नाव मग घेतलंत तरी चालेल.