मुलाम्यावरची खाच

हॅलो? …हां बाबा, लोर्नाच बोलतेय.

कुठली पेटी? …आईने दिलेल्या पिस्तुलाची? माळ्यावर असेल. कशाला हवीय?

काय? विकताय? …शेजारच्या डेल्मरकाकांना? स्वतःच्याच ट्रकचा आरसा गोळीने फोडणाऱ्या? …व्हरांड्यात येऊन बसलेतसुद्धा? बाबा, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला आईने दिलेलं आहे ते!

‘बिघडलंय’ म्हणजे काय झालं? …पंधरा पावलांवरून नेम चुकतोय? …बरं, निशाणाच्या कागदावर भोकं कशी पडलीत? गोल की लांबट? …अहो, चिडता काय, सांगा ना! …लांबट. म्हणजे गोळ्या आडव्या होऊन लागतायत.

काडतुसं घरी भरलेली ना? …आणि गोळ्या मी पाठवलेल्या, तांब्याच्या मुलाम्याच्या? …हो, हो, मीच पाठवल्या! डॉक्टर म्हणाले ना, रक्तात शिसं वाढलंय म्हणून! …ऐका… बाबा, ऐका ना. गोळी बसवल्यावर काडतुसाच्या पुंगळीचं तोंड किती आवळलंत?

‘नेहमीसारखं’! रिव्हॉल्व्हरच्या शिशाच्या गोळ्यांना आवळता तसं? …चाळीस वर्षं, हो, पाठ आहे मला.

काडतुसातली गोळी उपसायचा तो पोकळ हातोडा जवळ आहे? एक काडतूस घाला त्यात. आधी चष्मा. …काकांना म्हणावं, कॉफी प्या. …आपटा. …अजून एकदा. …निघाली? नख फिरवा तिच्यावरून. …लागते ना खाच? आत करडं दिसतंय? …तेच शिसं! मुलामा कागदाएवढा पातळ, तो तुम्ही चिरलात. मग तो नळीत सोलून निघतो. गोळी सरळ जाणार कशी?

नाही हो, सैल सोडा असं कुठे म्हणतेय! मग गोळी पुंगळीत आत सरकेल, दाब वाढेल, ते त्याहून वाईट. गोळी बसवायला तोंड जरासं फुलवता ना? तेवढंच परत सरळ करायचं. गोळीला चावा बसता कामा नये.

किती भरलीत अशी? …चारशे?! …सगळ्यांच्या गोळ्या अशाच उपसायच्या. हो, सगळ्यांच्या. आणि पिस्तूल रिकामं करून नळीत तांबं अडकलंय का बघा.

म्हणजे पिस्तूल ठीक आहे, बाबा.

…हो. आईनेच निवडलं होतं. माहीत आहे मला.

…मग जा, सांगा काकांना, विकायचं नाही म्हणून. फोन तसाच ठेवा, मी ऐकतेय.

…काय सांगितलंत? ‘पिस्तूल फारच बिघडलंय, शेजाऱ्याला कसं विकू’? बाबा! चूक तुमची आणि बदनाम ते बिचारं… हॅलो? …हॅलो?