तीन अक्षरं आणि आयसीयूचं दार

समारंभाचे अध्यक्ष हम्मादभाई, व्यासपीठावरच्या मेट्रन शोभनाताई, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती सिस्टर खतीजाआपा, आणि ड्यूटीचे कपडेही न बदलता इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी मंजुषा, फिजिओथेरपीची. आपांची सेवा, त्यांची शिस्त, त्यांचे खोबऱ्याचे लाडू यांवर आधीचे वक्ते बोलले. मी फिरूझबद्दल बोलणार आहे. आपांची परवानगी घेतली आहे.

फिरूझ वेल्डर होता. कामावर भाजला आणि आखातातल्या आपल्या या रुवैसच्या हॉस्पिटलात, आयसीयूत आला. घशात नळी, त्यामुळे बोलणं बंद. फाइलीत भाषा ‘रशियन’. जुन्या सोव्हिएत मुलखातून आलेल्या प्रत्येकाला आपण रशियनच म्हणतो, नाही का?

एका सकाळी आपांनी पाटी धरली आणि त्याने रशियन लिपीत कशीबशी तीन अक्षरं लिहिली, дар. मोबाइल म्हणाला, रशियनमध्ये ‘भेटवस्तू’. कुणाला काही द्यायचंय का? आपांनी त्याची पिशवी पुढे केली. त्याने डोळे मिटले. किचनमधली मंगोलियन बाई म्हणाली, “आमच्यात ‘दाब’.” म्हणून बेलचं बटण हातात दिलं. त्याने ते सोडून दिलं. मग लॅबचा कझाक टेक्निशियन आला. त्याने शब्द मोठ्याने वाचला, “दार,” आणि त्याचा चेहराच उतरला. “सिस्टर, ही तर फाशी!”

मग काय, यल्ला यल्ला, चला चला, नुसती धावपळ! पेशंटला जगायचं नाही असं ठरलं. झोपेचं इंजेक्शन, पडदा बंद, व्हिजिटर बंद.

काचेच्या दाराबाहेर सकाळपासून त्याचा भाऊ उभा होता. सिक्युरिटीने त्याला परत पाठवलं. त्यालाच आत घेऊन विचारावं, हे इतक्या शिकलेल्या माणसांत एकालाही सुचू नये?

फिरूझ पुन्हा जागा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, तेव्हा आपांनी ती पाटी त्याच्यासमोर धरली. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, “सिस्टर, हम ताजिक है. दर, मतलब दरवाजा. वो मेरे को देखा होगा. बोला, खोलो.”

आपा तिथेच खाली बसल्या. मला म्हणाल्या, “मंजुषा, त्या पोराने ‘दार’ वाचलं ना, तेव्हा माझी नजर दाराकडेच गेली होती गं. पण वाटलं, आपली मराठी इथे कुठून येणार? इतकं सोपं कसं असेल? म्हणून गप्प बसले.”

त्यानंतर बोलू न शकणाऱ्या प्रत्येक पेशंटचं माणूस आपांनी स्वतः हाताला धरून आत आणलं. भेटीची वेळ नसली तरी. मेमो आला, तोही घेतला. शेवटी शोभनाताईंनी नियमच बदलला. भावाला मात्र आपा फोन करत राहिल्या. त्याने एकदाही उचलला नाही.

परवा मी म्हटलं, “आपा, आता खलास. हे ओझं इथेच ठेवून गावी, दापोलीला जा.”

त्या म्हणाल्या, “ओझं नाही गं. माणूस आहे तो. असा कसा ठेवून जाऊ?”

आपा, तुमचे आभार कोणत्या भाषेत मानू? आयोजकांची मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी डोळे ओले करायला लावले, काही अधिक-उणं बोलून गेले असेन, तर आपली समजून पदरात घ्या.