चष्मा पडला की विचारायचं

(प्रूइटचं औषधाचं दुकान. गाव त्याला ‘डॉक’ म्हणतं.)

ओलेटा : ...आणि टाळ्या पडल्या, डॉक! लिटल रॉकला, राजधानीत, आमदारांपुढं! चर्चमध्ये मी गाते तेव्हा कुत्रं विचारत नाही.

प्रूइट : ऐकलं, ओलेटाबाई. साऱ्या अर्कान्सानं ऐकलं.

ओलेटा : माझ्या साक्षीनं कायदा झाला की नाही? विम्याच्या कार्डाशिवाय औषध स्वस्त पडत असेल, तर आता दुकानदार सरळ सांगणार. विमा आणि दुकान यांच्या मधल्या त्या दलाल कंपनीची तोंडबंदी संपली!

प्रूइट : संपणार ना. येत्या एक जानेवारीपासून. साक्षीत नेमकं काय सांगितलंत?

ओलेटा : खरं तेच. म्हटलं, आमच्या डॉकचं तोंड करारानं शिवून ठेवलंय, स्वस्त भाव आपणहून सांगायचा नाही, म्हणून ते काउंटरवर चष्मा पाडतात. चष्मा पडला की आम्ही विचारायचं, ‘कार्डाशिवाय किती?’ सगळे पोट धरून हसले!

प्रूइट : मागच्या बाकावर कुणी कोटवाले गृहस्थ होते का? तेही हसले?

ओलेटा : ते लिहून घेत होते. केवढे सभ्य! तुमचं पूर्ण नावसुद्धा विचारलं मला.

प्रूइट : तरीच! काल कंपनीतून फोन आला, तर नाव अगदी अचूक घेतलं हो.

ओलेटा : कशाला फोन?

प्रूइट : इशारे करून मी करार मोडला, म्हणे. महिनाअखेरीपासून त्यांची कार्डं या दुकानात बंद. आणि गावात दुसरं कार्ड आहे कुणाकडं? पाद्रीबाबांकडंही तेच.

ओलेटा : अहो, पण कायदा झालाय!

प्रूइट : कायदा जानेवारीपासूनचा, माझा गुन्हा त्याआधीचा. फार कायद्याची माणसं आहेत ती.

ओलेटा : मग माझ्या नवऱ्याचं, बर्लचं, इन्सुलिन?

प्रूइट : टपालानं. टपालानं औषध पाठवणारं कंपनीचं स्वतःचं दुकान आहे की. घरपोच सेवा!

ओलेटा : मागच्या ऑगस्टात आलं होतं ना घरपोच! टपालपेटीत उकडून खराब झालं. बर्ल जाता जाता वाचला. तेव्हा तुम्हीच धावलात, डॉक. दुकान बंद नाही ना करणार?

प्रूइट : कार्डं चालणार नाहीत, तर उघडून विकू काय? खोकल्याच्या गोळ्या?

ओलेटा : देवा रे! मीच घात केला तुमचा.

प्रूइट : छे हो! राज्यातल्या सगळ्या दुकानदारांना बोलतं केलंत. एक मी तेवढा राहिलो, एवढंच.

(प्रूइट चष्मा काढतो. तो हातातून काउंटरवर पडतो.)

ओलेटा : ...कार्डाशिवाय किती, डॉक?

प्रूइट : आज तसं काही नाही, बाई. नुसते डोळे पुसायचे होते.